शॅडो अँड बोन (कादंबरीत्रयी)

शॅडो अँड बोन ही अमेरिकन लेखिका ली बार्डुगो यांनी किशोरवयीन व तरुण वाचकांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य इंग्रजी कादंबरीत्रयी आहे. शॅडो अँड बोन (२०१२), सीज अँड स्टॉर्म (२०१३) आणि रुइन अँड रायझिंग (२०१४) हे तिचे तीन भाग होत. ही त्रयी आरंभी ‘ग्रीशा त्रयी’ या नावाने ओळखली जात असे. पुढे पहिल्या भागाचेच नाव संपूर्ण त्रयीला रूढ झाले. एकाच अनाथालयात वाढलेले अलिना स्टारकोव आणि माल ओरेत्सेव हे दोन बालमित्र तिच्या केंद्रस्थानी आहेत. मैत्रीचे प्रेमात होणारे रूपांतर आणि अलिनाला लाभलेली असाधारण शक्ती यांतील ताण हा तिन्ही भागांना जोडणारा धागा आहे.

लेखिका आणि प्रकाशन

ली बार्डुगो यांचा जन्म १९७५ साली जेरुसलेम येथे झाला. त्या लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या व येल विद्यापीठातून पदवीधर झाल्या. शॅडो अँड बोन ही त्यांची पहिली कादंबरी होय. अंधार हा केवळ प्रकाशाचा अभाव नसून प्रत्यक्ष एखादी जागा असता तर काय झाले असते, या कल्पनेतून कथेचा उगम झाल्याचे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. अमेरिकेत हेन्री होल्ट या प्रकाशनसंस्थेने जून २०१२ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये तो प्रथम द गॅदरिंग डार्क या नावाने निघाला. पुढील दोन भाग अनुक्रमे जून २०१३ व जून २०१४ मध्ये आले.

कल्पित जग

कथा राव्का या काल्पनिक राज्यात घडते. त्याची घडण करताना लेखिकेने झारकालीन रशियाचा, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रशियाचा, आधार घेतला आहे. उत्तरेस फ्येर्डा आणि दक्षिणेस शू हान ही शत्रुराष्ट्रे असून राव्का दीर्घकाळ युद्धात गुंतलेले आहे. शॅडो फोल्ड नावाच्या घनदाट अंधाराच्या पट्ट्याने देशाचे दोन तुकडे केले आहेत. या पट्ट्यात व्होल्क्रा नावाचे पंखधारी, नरभक्षक प्राणी राहतात. बंदरे पश्चिम किनाऱ्यावर असल्याने व्यापारासाठी आणि सैन्याच्या रसदीसाठी हा पट्टा ओलांडण्याखेरीज पूर्व राव्काला गत्यंतर नाही.

या जगात काही माणसे ग्रीशा म्हणून जन्मतात. त्यांना मानवी देह, वारा, पाणी, अग्नी किंवा धातू व रसायने यांवर प्रभुत्व मिळवता येते. आपल्या विद्येला ते जादू न म्हणता ‘लघुविज्ञान’ म्हणतात. राज्यातील मुलांची लहानपणीच परीक्षा घेतली जाते आणि शक्ती आढळल्यास त्यांना कुटुंबापासून वेगळे करून राजधानी ओस आल्टा येथे शिक्षणासाठी नेले जाते. विशिष्ट प्राण्यांच्या अस्थी, शिंगे वा खवले धारण केल्यास ग्रीशांचे सामर्थ्य वाढते. अशा वस्तूंना कादंबरीत शक्तिवर्धक म्हटले आहे. एका ग्रीशाला एकच शक्तिवर्धक धारण करता येतो, असा समज कथेच्या आरंभी प्रचलित आहे.

कथानक

शॅडो अँड बोन : सीमेवरील युद्धांत पोरकी झालेली अलिना व माल ही मुले केराम्झिन येथील एका सरदाराच्या वाड्यातील अनाथालयात एकत्र वाढतात. मोठेपणी दोघेही राजाच्या सैन्यात दाखल होतात. अलिना नकाशे काढणाऱ्या पथकात साहाय्यक असते, तर माल माग काढण्यात तरबेज सैनिक असतो. फोल्ड ओलांडताना व्होल्क्रा हल्ला करतात. मालचा जीव धोक्यात असताना अलिनाच्या देहातून प्रखर प्रकाश प्रकटतो. सूर्यप्रकाशाला आवाहन करणारी ही दुर्मीळ शक्ती फोल्ड नष्ट करू शकेल, अशी आशा निर्माण होते. ग्रीशांचा सेनापती डार्कलिंग तिला राजधानीत नेतो. तेथे ती त्याच्याकडे आकृष्ट होते. मालला लिहिलेली तिची पत्रे मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फोल्ड मुळात डार्कलिंगनेच निर्माण केला आणि त्याला तो शस्त्र म्हणून वापरायचा आहे, हे त्याची आई बाग्रा हिच्याकडून कळताच अलिना पळ काढते. माल तिला शोधून काढतो. डार्कलिंग दंतकथेतील सांबराच्या शिंगांची कंठी अलिनाच्या गळ्यात अडकवून तिची शक्ती ताब्यात घेतो. परंतु ती स्वतःची सुटका करून घेते व मालसह समुद्रापार जाते.

सीज अँड स्टॉर्म : दोघे पुन्हा पकडले जातात. खासगी जहाजाचा कप्तान स्टुर्महोंड, म्हणजेच वेष पालटलेला राजपुत्र निकोलाय लान्त्सोव, त्यांच्या मदतीला येतो. सागरी सर्पाचे खवले हा अलिनाचा दुसरा शक्तिवर्धक ठरतो. राजधानीत ती ग्रीशांचे नेतृत्व करते, तर मालला तेथे कोणतेच स्थान उरत नाही. मद्यपान, मारामाऱ्या व अबोला यांमुळे दोघांतील दुरावा वाढतो. अखेरीस डार्कलिंग राजधानीवर हल्ला करतो आणि सत्ता काबीज करतो.

रुइन अँड रायझिंग : तिसरा शक्तिवर्धक अग्निपक्षी असावा, या समजुतीने अलिना व तिचे सहकारी त्याचा शोध घेतात. तो पक्षी नसून मालच आहे, हे शोधाच्या शेवटी उघड होते. प्राचीन ग्रीशा इल्या मोरोझोवा याने निषिद्ध विद्येने पुन्हा जिवंत केलेल्या मुलीच्या वंशात मालचा जन्म झालेला असतो. माग काढण्याचे त्याचे विलक्षण कौशल्यही याच वारशातून आलेले असते. फोल्डमधील अंतिम लढाईत मालच्या आग्रहावरून अलिना त्याला ठार करते. परंतु शक्ती वाढण्याऐवजी तिला सोडून जाते आणि तेथील अनेक सामान्य माणसांत विभागली जाते. त्यांच्या प्रकाशाने फोल्ड नष्ट होतो. अलिना डार्कलिंगचा वध करते, तर सहकारी ग्रीशा मालला पुन्हा जिवंत करतात. अलिना मरण पावली असे जगाला वाटते व संत म्हणून तिची पूजा होऊ लागते. प्रत्यक्षात ती आणि माल विवाह करून केराम्झिनचे अनाथालय पुन्हा उभे करतात.

मैत्री, प्रेम आणि शक्ती

बालमैत्रीतून फुलणारे प्रेम हा लोकप्रिय कथासाहित्यातील परिचित विषय आहे. बहुतेक कथांत हे प्रेम मुख्य घडामोडींच्या सोबतीने चालणारे उपकथानक असते. या त्रयीत मात्र मूळ पेच याच नात्यातून निर्माण होतो. लहानपणी ग्रीशा परीक्षक केराम्झिनला आले, तेव्हा आपल्यातील शक्ती प्रकट झाल्यास मालपासून ताटातूट होईल या भीतीने अलिनाने ती आत दाबून टाकली होती. त्यानंतर ती सतत अशक्त, निस्तेज व आजारी राहिली. शक्ती मुक्त झाल्यावर तिची भूक, झोप आणि चेहऱ्यावरील तेज परत येते. ज्या मैत्रीने पोरक्या मुलीला आधार दिला, तिच्याचसाठी तिने स्वतःचा एक भाग गमावला होता, अशी ही रचना आहे.

तिसऱ्या भागात हाच पेच उलट दिशेने मांडला जातो. पूर्ण सामर्थ्य हवे तर मित्राचा बळी द्यावा लागणार आणि मित्र हवा तर देशाचा बचाव अशक्य होणार. डार्कलिंग दीर्घायुषी असल्याने अलिनाला समान आयुर्मानाच्या सोबतीचे आश्वासन देतो. निकोलाय तिला सिंहासनाजवळचे स्थान देऊ करतो. मालकडे देण्यासारखे असते ते केवळ एकत्र घालवलेले बालपण.

निवेदनाच्या योजनेतही या नात्याला खास स्थान आहे. मुख्य प्रकरणे अलिनाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून येतात. मात्र प्रत्येक भागाच्या आरंभी व शेवटी तृतीयपुरुषी निवेदनाचे छोटे प्रकरण असून त्यात दोघांचा उल्लेख नावाने न येता ‘मुलगा’ व ‘मुलगी’ असा येतो. संतपद, सेनापतिपद वा राजघराणे यांपूर्वीची आणि नंतरची त्यांची ओळख त्यातून सूचित होते.

समीक्षा

पहिल्या भागाला न्यू यॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत स्थान मिळाले. पश्चिम युरोपीय मध्ययुगाऐवजी रशियन वळणाचे जग निवडल्याबद्दल लेखिकेचे कौतुक झाले. याच बाबतीत रशियन भाषा जाणणाऱ्या वाचकांनी दोषही दाखवले. ग्रीशा हे रशियनमध्ये ग्रिगोरी या नावाचे लाडके रूप आहे. स्त्रीचे आडनाव स्टारकोव नव्हे तर स्टारकोवा असायला हवे. तसेच क्वास हे प्रत्यक्षात अत्यल्प मद्यांशाचे पेय असूनही कादंबरीत ते नशा आणणारे दाखवले आहे.

अधिक वाद झाला तो शेवटाविषयी. देशातील सर्वांत समर्थ स्त्री अखेरीस शक्ती गमावून अनाथालयात परतते, हा तिचा पराभव असल्याचे काही वाचकांचे मत आहे. दुसऱ्या भागातील मालचा रुसवा व हेकेखोरपणा पाहता तो तिला साजेसा जोडीदार नाही, असेही म्हटले गेले. याउलट, शक्तीची हाव डार्कलिंगला जेथे घेऊन गेली त्याच वाटेवर अलिनाही निघाली होती. तेव्हा ती शक्ती अनेकांत वाटली जाणे व अलिनाने साधे आयुष्य स्वीकारणे हेच कथेच्या तर्काला धरून आहे, असे शेवटाचे समर्थक मानतात. शक्ती गेल्याचे दुःख अलिनाला होतच नाही असे लेखिकेनेही दाखवलेले नाही. गमावलेल्या प्रकाशाची उणीव तिला जाणवत राहते.

रूपांतर

नेटफ्लिक्सने एरिक हाइसरर यांनी निर्मिलेली दूरचित्रवाणी मालिका २३ एप्रिल २०२१ रोजी प्रदर्शित केली. जेसी मेई ली (अलिना), आर्ची रेनो (माल) आणि बेन बार्न्स (डार्कलिंग) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. याच जगात घडणाऱ्या सिक्स ऑफ क्रोज (२०१५) या बार्डुगो यांच्या कादंबरीतील पात्रेही मालिकेत गुंफली आहेत. मालिकेतील अलिना अर्धी शू वंशाची असून त्यामुळे तिला हेटाळणी सोसावी लागते. दुसरा हंगाम मार्च २०२३ मध्ये आला व नोव्हेंबर २०२३ मध्ये मालिका बंद करण्यात आली.

मालिकेने शेवट बदलला. मालिकेतही माल मरून पुन्हा जिवंत होतो. परंतु त्यानंतर आपली ओढ खरी होती की शक्तिवर्धकाच्या बंधामुळे निर्माण झालेली होती, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो समुद्रावर निघून जातो. अलिना शक्तीसह राजधानीत राहते व तिचा निकोलायशी वाङ्निश्चय ठरतो. कादंबरीत शक्ती जाते आणि मैत्री टिकते. मालिकेत शक्ती टिकते आणि मित्र दुरावतो.