दाखला कामाचा आणि दाखला शाळेचा

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या कागदांच्या पेटीत शाळा सोडल्याचा एखादा दाखला जपून ठेवलेला असतो. त्याच काळात गिरणीत जाणाऱ्या पोरांपाशी निराळाच दाखला असे: वय पुरते भरल्याचा व अंग कामाला लायक असल्याचा. या दुसऱ्या दाखल्याचा इतिहास आम्हांस पहिल्याहून अधिक बोधप्रद वाटतो.

मुंबईच्या गिरण्यांतील मुलांसाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी पुष्कळ खटपट केली. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास काम ठरले. १८९१ साली किमान वय नऊ झाले व तास सातवर आले. परंतु जन्माची नोंदच नसलेल्या पोराचे वय ठरवायचे कोणी?

१९११ च्या कायद्याने त्याचे उत्तर दिले. सरकारी डॉक्टरने तपासून दाखला दिल्यावाचून मुलाला कामावर ठेवता येईना, आणि तो दाखला किंवा त्याच्या क्रमांकाचा बिल्ला कामावर असताना जवळ बाळगणे भाग पडले. कापडगिरण्यांत मुलांचे तास सहा झाले. नियम चांगला होता, पण घरची चूल त्याहून प्रबळ ठरली. काही पोरे दोन दाखले मिळवून सकाळी एका गिरणीत व दुपारी दुसरीत राबू लागली. अखेर १९२६ साली अशा मुलांच्या पालकांनाही दंडास पात्र ठरवावे लागले.

कामाचे तास कमी झाल्यावर पोराने उरलेला दिवस घालवायचा कोठे? गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर होते. त्याच १९११ सालच्या मार्च महिन्यात, ज्या कौन्सिलात कारखाना कायदा संमत झाला त्याच कौन्सिलात, त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होताच. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. नऊ वर्षांच्या मुलाला गिरणीचा दाखला सरकारने दिला. शाळेचा देण्याचे नाकारले.

पुढे किमान वय १९२२ साली बारा व १९४८ साली चौदा झाले. शिक्षणहक्काचा कायदा यायला मात्र २००९ साल उजाडले. २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यातील ‘बालक’ या शब्दाची व्याख्या त्या शिक्षणहक्काच्या वयाशी जोडली, आणि दोन दाखल्यांची गाठ शंभर वर्षांनी पडली.

त्यातही दोन वाटा मोकळ्या राहिल्या: शाळेची वेळ सांभाळून घरच्या धंद्यात मदत, आणि बालकलाकारांचे काम. २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा आणि मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवण्याची अट घातली. शाळा खंडित होऊ नये, हेही बजावले.

गाण्याची, नाटकाची हौस आपल्या घराण्यांत पिढीजात आहे. नातवंड दूरचित्रवाणीवर झळकले की आपला ऊर भरून येतो. तेवढ्या कौतुकातही त्या दिवशी त्याची शाळा बुडाली का, हे विचारणारे कोणीतरी घरात असावे. दोन दाखल्यांची मुले ज्या काळात होती, त्या काळात नेमके तेच विचारणारे कोणी नव्हते.