रेतीखाणीतली तळी

इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागातल्या नद्यांच्या खोऱ्यांत हिमयुगात वाहत आलेल्या रेती-गोट्यांचे थर आहेत. थेम्स, ट्रेंट, ग्रेट ऊझ या नद्यांकाठी शेताची माती बाजूला केली की ते हाती लागतात आणि भूजलही तिथेच भेटते. त्यामुळे विसाव्या शतकात काँक्रीटची मागणी वाढली तसे या खोऱ्यांत पाण्याने भरलेले खड्डे वाढत गेले. आधी घरबांधणी, मग दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या, पुढे मोटारवे. प्रत्येक लाटेने नदीकाठची आणखी शेते गिळली.

या खड्ड्यांना आकार देण्याचा विचार कोणी केलेला नव्हता. ड्रॅगलाइन यंत्र बादली ओढत नेई तसा काठ तयार होई. तो सरळ आणि कडेलोटासारखा उभा असे, आणि पाणी काठापासूनच खोल. पाखरांनी मात्र हे खड्डे माणसांच्या आधी हेरले. छोटा कंठेरी चिखल्या हा महाराष्ट्रातही नदीपात्रांत दिसणारा पक्षी. ब्रिटनमध्ये त्याची पहिली वीण १९३८ साली ट्रिंगच्या जलाशयावर नोंदली गेली. त्यानंतर त्याने आपला मोर्चा वळवला तो रेतीखाणींच्या उघड्या, गोट्यांच्या जमिनीकडे. केनेथ ऑलसॉप यांनी १९४९ साली त्याच्यावर ‘अ‍ॅडव्हेंचर लिट देअर स्टार’ ही कादंबरी लिहिली. पिसांच्या हव्यासापायी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपलेल्या तुरेवाल्या टिबुकलीलाही या नव्या पाण्याचा मोठा आधार झाला.

सरकारदरबारी हे खड्डे म्हणजे वाया गेलेली जमीनच होती. १९४७च्या नगररचना कायद्याने नव्या खाणींना परवानगी सक्तीची केली. पण ‘पूर्ववत करणे’ याचा अर्थ बहुधा कचरा किंवा वीजकेंद्राची राख भरून वर माती पसरणे एवढाच घेतला जाई. भराव मिळाला नाही तरच तळे राही.

आराखडा करून तळे घडवण्याचा ठळक प्रयोग १९५६ साली केंटमधल्या सेव्हनओक्स इथे, डॅरेंट नदीच्या खोऱ्यात सुरू झाला. त्याचे सूत्रधार जेफ्री हॅरिसन हे पेशाने डॉक्टर आणि छंदाने बदकांचे शिकारी. काठावर आणि पाण्यात काय लावायचे, हे त्यांनी अंदाजावर सोडले नाही. शिकार झालेल्या बदकांच्या पोटातले बी आणि किडे तपासून कोणते खाद्य लागते ते ठरवले आणि त्यानुसार लागवड केली. सोबत बेटे आणि जमिनीच्या चिंचोळ्या जिभा केल्या. निसर्गरक्षणाच्या इतिहासात शिकाऱ्यांचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

पुढचे मोठे काम मिल्टन कीन्सजवळच्या ग्रेट लिनफर्ड इथे झाले. १९७०च्या दशकात गेम कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आणि एक रेती कंपनी यांनी तिथे संशोधन सुरू केले. नव्या खड्ड्याचा तळ उजाड असतो आणि त्यात कुजायला काहीच नसते, म्हणून पाण्यात वाया जाणारा पेंढा टाकून पाहिला. त्यावर किडे वाढले आणि बदकांच्या पिलांची सोय झाली. १९८०च्या दशकात तिथलेच संशोधक निक जाइल्स यांनी आणखी एक कोडे सोडवले. तळाच्या अळ्यांवर बदकांची पिले आणि ब्रीमसारखे मासे एकाच वेळी डोळा ठेवून असतात. एका तळ्यातले मासे मोठ्या प्रमाणावर काढल्यावर पाणवनस्पती वाढल्या आणि बदकांचा राबताही वाढला. म्हणजे मासेमारी क्लबला आवडणारे तळे आणि पाखरांना आवडणारे तळे वेगळे काढावे लागते.

यातून रचनेचे काही संकेत पक्के झाले. काठाचा उतार मंद हवा, एक फूट खोलीला निदान दहा फूट अंतर. किनारा वेडावाकडा हवा, म्हणजे लाटांचा मारा तुटतो. बेट करायचे तर तेवढी जमीन न खणता सोडणे हा स्वस्त मार्ग; मागाहून भर टाकून केलेले बेट खर्चिक पडते आणि खचतेही. वरची सुपीक माती पाण्यात लोटली तर शेवाळ माजते. हे सगळे यंत्र जागेवर असतानाच करायचे असते, आणि म्हणून आराखडा पहिली बादली उचलण्याआधी लागतो. १९८१च्या खनिज कायद्याने काम संपल्यावर पाच वर्षांपर्यंत देखभालीची अट घालता येऊ लागली, तेव्हा या विचाराला कायद्याचा आधार मिळाला. विमानतळांभोवती मात्र हात आखडता घ्यावा लागतो. पक्षी विमानांवर आदळू नयेत म्हणून मोठ्या विमानतळाच्या १३ किलोमीटर परिघात नव्या तळ्यांची कसून छाननी होते.

या सगळ्याचा विस्तार केंब्रिजशायरमधल्या ऊझ फेन इथे दिसतो. सतराव्या शतकापासून उपसून शेतीखाली आणलेला हा दलदलीचा मुलूख. १९९७ साली संपूर्ण ब्रिटनमध्ये बिटर्न या लपून राहणाऱ्या बगळ्याचे हुंकारणारे नर अवघे ११ उरले होते, कारण त्याला लागणारी नळ गवताची दलदलच फारशी उरली नव्हती. रेती काढणारी हॅन्सन कंपनी आणि आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था यांच्या योजनेत सुमारे २.८ कोटी टन रेती-गोटे काढून ७०० हेक्टरचे राखीव क्षेत्र घडायचे आहे, पैकी ४६० हेक्टर नळ गवताचे. इथे खोल तळे नको असते. नळाला उथळ पाणी लागते. म्हणून खणलेल्या जागेत चिकणमाती परत भरून तळ वर आणतात, बांध घालून वाफे पाडतात, नळाची रोपे हाताने लावतात आणि दारे उघडझाप करून पाण्याची पातळी सांभाळतात. एका टोकाला खणणे चालू असताना खणून झालेले वाफे टप्प्याटप्प्याने संस्थेच्या ताब्यात जातात. पुढचे काम तिच्याकडे राहते: नळ कापणे, घुसलेली वाळुंजाची झुडपे उपटणे आणि दारांवर लक्ष ठेवणे. हे थांबले की दलदल कोरडी पडून तिथे झुडपे माजतात.