जाझवादक आंतोनियो झेवियर वाझ

गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस भक्तिगीतांबरोबर पाश्चात्य स्वरलिपीही शिकवीत असत. या परंपरेंतून आलेले हळदोण्याचे आंतोनियो वाझ (१९१६–१९६७) यांनीं यंत्रकाम शिकावें, अशी मातोश्रींची इच्छा होती. त्यांनीं ट्रम्पेट हातीं घेतला! मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत त्यांचा जाझ वाद्यवृंद गाजला व 'चिक चॉकलेट' हेंच त्यांचें नांव झालें. पुढें पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक बनले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसला. चाल सर्वांच्या तोंडीं बसे. तिला स्वरलिपींत उतरवून ट्रम्पेट-व्हायोलिनांचा साज चढविणारे गोवेकर मात्र बहुधा अनामिकच राहत. वाझ यांस तरी त्याच वर्षीं 'नादान' चित्रपटाचे संगीतदिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नांवाचा मान मिळाला.