सैनिकी शाळा निवडताना

मुलगा आठवीत गेला, घरात उलट उत्तरे देऊ लागला, अभ्यासावरून त्याचे लक्ष उडाले, की नात्यातील एखादी वडीलधारी व्यक्ती हमखास सुचवते, 'याला सैनिकी शाळेत घाला, सरळ होईल.' सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी त्याचा पायाच चुकीचा आहे. चांगल्या सैनिकी शाळा या सुधारगृहे नाहीत. तेथे प्रवेशासाठी चुरशीची परीक्षा असते, वैद्यकीय तपासणी असते आणि पहाटे उठून धावण्यापासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत सारा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. स्वत:च्या मनाने गेलेली मुले पहिल्या काही महिन्यांचे घरचे वेध सोसून तेथे रुळतात. शिक्षा म्हणून पाठवलेला मुलगा मात्र बहुधा पहिल्या सुटीत घरी येतो तो परत न जाण्याचा हट्ट धरूनच.

पालकांचा दुसरा गोंधळ नावांचा असतो. 'सैनिकी' हे एकच विशेषण निरनिराळ्या प्रकारच्या संस्थांना लावले जाते आणि त्यांच्यातील फरक माहीत नसल्याने अर्जाची वेळ आणि वय दोन्ही निघून जातात.

सर्वांत परिचित आहेत त्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सैनिक स्कूल सोसायटीच्या शाळा. लष्करी अधिकाऱ्यांच्या वर्गात सर्व प्रांतांतील व सर्व थरांतील मुले यावीत, या हेतूने तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात ही योजना आखली गेली आणि तिच्यातील पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. हवाई दलप्रमुखपदी पोहोचलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक याच शाळेचे विद्यार्थी. चंद्रपूर येथे राज्यातील अशी दुसरी शाळा २०१९मध्ये सुरू झाली. येथे प्रवेश केवळ सहावी व नववी या दोन टप्प्यांवर मिळतो. प्रवेशवर्षाच्या ३१ मार्च रोजी सहावीसाठी वय १० ते १२ आणि नववीसाठी १३ ते १५ वर्षे असावे लागते. एका दिवसाच्या फरकाने वय चुकले, तरी सवलत नाही.

कुमारवयीन मुलाच्या पालकांना अर्थातच नववीच्या प्रवेशात रस असतो, आणि नेमकी तीच वाट अरुंद आहे. मुख्य भरती सहावीत होते. नववीच्या जागा तुलनेने मोजक्या असतात. शिवाय सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच द्यावी लागते. एकूण ४०० गुणांपैकी २०० गुण एकट्या गणिताला आहेत. उरलेले बुद्धिमत्ता, इंग्रजी, सामान्य विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांत सारखे विभागलेले आहेत. तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाचा हुशार मुलगा येथे बुद्धीने नव्हे, भाषेने मागे पडतो. सातवीच्या सुरुवातीपासून गणित व विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञांचा सराव केल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. परीक्षेच्या तारखाही दरवर्षी सारख्या नसतात. २०२४ची परीक्षा जानेवारीत झाली, तर २०२५ची एप्रिलमध्ये. त्यामुळे ऐकीव तारखांवर विसंबून चालत नाही. सुमारे दोनतृतीयांश जागा शाळा ज्या राज्यात आहे तेथील मुलांसाठी राखीव असल्याने महाराष्ट्राच्या मुलाने परराज्यातील शाळेचा पसंतिक्रम विचारपूर्वक भरावा.

डेहराडूनचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज ही निराळीच संस्था आहे. नाव कॉलेजचे, पण प्रवेश आठवीत. १३ मार्च १९२२ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेत वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैच्या सत्रांसाठी, मुले घेतली जातात. वय साडेअकरा ते तेरा वर्षे. प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा अगदी थोड्या असतात. लेखी परीक्षेनंतर तोंडी परीक्षाही होते आणि तेथे मुलाचे बोलणे, वाचन व धीटपणा उघडा पडतो. महाराष्ट्रातील अर्ज पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत स्वीकारले जातात. याशिवाय चैल, अजमेर, बेळगाव, बंगळुरू व धोलपूर येथे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहेत. त्यांतील बेळगावची शाळा कोल्हापूर-सांगलीकडच्या पालकांना सोयीची वाटते. मात्र या शाळा मुळात जवानांच्या मुलांसाठी आहेत आणि बहुतेक जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या असतात, हे नागरी पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

राज्यातील सैनिकी शाळांचे चित्र फारच संमिश्र आहे. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७मध्ये सुरू केली. पुण्याची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल त्याहूनही जुनी, १९३२ची. १९९०च्या दशकाच्या मध्यास राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा काढण्याचे धोरण स्वीकारले आणि खासगी शिक्षणसंस्थांमार्फत अशा शाळा उभ्या राहिल्या. काहींनी नाव कमावले. काही ठिकाणी गणवेश व कवायत यांपलीकडे सैनिकी असे फारसे काही उरलेले नाही. गेल्या काही वर्षांत 'अ‍ॅकॅडमी' अशी पाटी लावलेल्या निवासी शिकवण्यांची त्यात भर पडली आहे. प्रवेशद्वाराशी रणगाड्याची प्रतिकृती उभी केल्याने शाळा सैनिकी होत नाही. मंडळाची मान्यता, वसतिगृहातील मुलांची संख्या, रात्री मुलांसोबत कोण राहते, आजारी मुलाला कोठे नेतात, गेल्या पाच वर्षांत किती मुले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेली, हे प्रश्न लेखी उत्तराची अपेक्षा ठेवून विचारावेत. प्रश्न विचारल्याचा राग येणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेले बरे.

दहावीपर्यंत यातले काहीच जमले नाही, म्हणून दार बंद होत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून कार्यरत आहे. दहावीनंतर लेखी परीक्षा व मुलाखतीतून निवडलेल्या मुलांना तेथे अकरावी-बारावीची दोन वर्षे ठेवून प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार केले जाते. उशिरा जाग आलेल्या कुटुंबासाठी हाच खरा मार्ग आहे, आणि शहरी पालकांना त्याचीच माहिती सर्वांत कमी असते.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती झपाट्याने बदलली. पुण्याजवळ कासार आंबोली येथील राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७पासून चालू असली, तरी तिथल्या मुलींना पुढे प्रबोधिनीचे दार बंदच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१च्या अंतरिम आदेशाने ते उघडले. २०२२मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण झाल्या. सैनिक स्कूलमध्ये २०२१-२२पासून, डेहराडूनला जुलै २०२२पासून मुलींना प्रवेश मिळू लागला; नाशिकला २०२३मध्ये मुलींसाठी स्वतंत्र सेवापूर्व संस्था निघाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यांपैकी कोणत्याही शाळेतील प्रवेशाने अधिकारीपद मिळत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची ९०० गुणांची लेखी परीक्षा आणि त्यानंतर निवड मंडळासमोरील तितक्याच गुणांची पाच दिवसांची कसोटी सर्वांना सारखीच असते. २०२४मध्ये लष्कर व नौदल यांच्या प्रमुखपदी एकाच वेळी असलेले जनरल उपेंद्र द्विवेदी आणि अ‍ॅडमिरल दिनेश त्रिपाठी हे रीवाच्या सैनिक स्कूलमधील वर्गमित्र, हे खरे. पण माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेत शिकले, हेही तितकेच खरे. मुलाची घर सोडण्याची तयारी नसेल, तर शहरातील चांगली शाळा, एनसीसी आणि रोजचे मैदान यांतूनही खडकवासल्याचा रस्ता निघतो.

अर्ज भरण्यापूर्वीची शेवटची पायरी बहुतेक पालक विसरतात, ती वैद्यकीय तपासणीची. रंग ओळखण्यातील दोष, गुडघ्यांना गुडघे लागणे, सपाट तळवे, कानाचे जुने दुखणे यांसारख्या गोष्टी मुलाच्या रोजच्या जगण्यात कधी जाणवत नाहीत, पण चार वर्षे वसतिगृहात काढून, लेखी परीक्षा आणि मुलाखत उत्तीर्ण होऊन ऐन निवडीच्या वेळी त्या आडव्या येतात. यांतील काही दोष लवकर लक्षात आले तर व्यायामाने वा उपचाराने आटोक्यात येतात, काही येत नाहीत. लष्करी रुग्णालयात काम केलेल्या एखाद्या निवृत्त डॉक्टरांकडून सातवीतच मुलाची तपासणी करून घेतली, तर काही शे रुपयांत आणि एका सकाळीत हे कळू शकते.