ग्रीस जाळणारा उतार

आमच्या तुकईथडकडे उतार म्हटलं की धूळघाट आठवतो. छोट्या लाईनीची खंडवा-अकोला गाडी तिथं अख्खा वळसा घेऊन सातपुडा उतरायची. आगगाडीला निदान वळसा तरी आखून दिलेला. पण साध्या सायकलीवर बसून डोंगरावरून सुसाट खाली यायचं, असं कुणी ठरवलं तर?

अमेरिकेत काही पोरांनी ते ठरवलं. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ जंगलातला एक कच्चा रस्ता आहे. लांबी जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण तेवढ्यात जवळजवळ चारशे मीटर खाली येतो. वर खडी, धूळ आणि आंधळी वळणं. पोरांजवळ १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या सायकली होत्या. वीस किलोच्या वर वजन, धूड नुसतं!

त्यांचा ब्रेक मात्र समजून घ्यायला हवा. आपल्या सायकलीचं पेडल उलटं फिरवलं तर नुसतं टिकटिक वाजतं. त्या सायकलींना उलटं पेडल मारलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. एवढा उतार तो दाबत उतरलं की हब तापायचा, आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग घरी जाऊन हब खोला, पुसा, पुन्हा ग्रीस भरा. इंग्रजीत पुन्हा भरण्याला रिपॅक म्हणतात, म्हणून रस्त्याचंच नाव पडलं रिपॅक. आपल्याकडे चिंचेच्या झाडावरून वाडीला नाव पडतं, तिथं ग्रीसवरून पडलं.

२१ ऑक्टोबर १९७६ ला चार्ली केली यानं तिथं पहिली शर्यत लावली. एकेकाला वरून सोडायचं आणि खाली घड्याळ बघायचं. पहिल्यांदा ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता आलेला तो एकटाच! पुढं गॅरी फिशरनं ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. जुन्या सायकली मोडायला लागल्या तेव्हा जो ब्रीझनं डोंगरासाठीच नवा सांगाडा बनवला. डोंगरी सायकलीचा धंदा तिथून वाढत गेला.

हा सगळा इतिहास पोरांचा म्हणून सांगतात. पण या टोळक्यात एक बाई नेमानं असायची, वेंडी क्रॅग. ती उतरायची आणि फोटोही काढायची. त्या दिवसांचे जे फोटो आज आपण बघतो, त्यातले बहुतेक तिचे. फाटक्या जीन्समधले, धुळीनं माखलेले ते चेहरे तिनं टिपले नसते, तर नुसत्या बढाया उरल्या असत्या. आपल्या घरच्या अल्बमात फोटो काढणारा माणूस दिसत नाही, तसंच तिचं झालं असं मला वाटतं. लोकांना फिशर ठाऊक, ब्रीझ ठाऊक. वेंडीचं नाव मुद्दाम शोधावं लागतं. ती हौसेखातर मागं मागं फिरणारी होती, असंही कुणी समजू नये. त्याच उतारावर बायकांमधला विक्रम तिचा आहे, ५ मिनिटं २७ सेकंद.

या शर्यती १९८४ पर्यंत अधूनमधून होत राहिल्या. १९९० साली अमेरिकेतच ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराच्या शर्यतीत बायकांचा वेगळा गट होता. तो कॅनडाच्या सिंडी डिव्हाईननं जिंकला.