मोट, मोटर आणि मोटार

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. इतक्यात आमचे शेजारी नाना आले आणि वहाणा काढून खांबाला टेकून बसले. नाना हे केळीचे आणि हळदीचे बागायतदार. हिशेबाला पक्के, बोलायला कमी. पण त्या दिवशी त्यांनी एकदम प्रश्न टाकला.

"गुरुजी, कादंबऱ्या तुमी मनच्या लिहिता, ते राहू द्या. एक खरं सांगा. ही चार्जिंगची गाडी घ्यावी का नाही?"

प्रश्न हौसेचा नव्हता, हे मला ठाऊक होते. नानांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावे लागते. आमचे डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव. नांदेड येथून तासाभराच्या वाटेवर. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर धरा. नानांची जुनी डिझेलची जीप ही खेप करीत आली आहे. तिने अजून दगा दिलेला नाही, पण दर खेपेला सहाशेच्या वर रुपये खाते. नव्या गाडीची जाहिरात नानांच्या मुलाने मोबाइलवर दाखविली आणि घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे घ्या, सून म्हणे नको, आणि नाना म्हणत, गुरुजींना विचारू.

आता माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिकचे. मी काही यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे एक आजारी म्हातारी उभी असली म्हणजे नुसते मत देऊन भागत नाही. म्हणून मी पुस्तके चाळू लागलो. तेव्हा ध्यानात आले की नानांचा प्रश्न नवा नाही. तो सव्वाशे वर्षांचा जुना आहे.

पण दूरदेशी जाण्याआधी आपल्या विहिरीवर जाऊ. आमच्याकडे नुसते 'मोटर' म्हटले तर रस्त्यावरची गाडी कोणाच्या मनात येत नाही. विहिरीवरचा पंप येतो. माझ्या आजोबांच्या काळी मोट होती. बैल उताराने धावत, नाडा ताणला जाई आणि थारोळ्यात पाणी कोसळे. पुढे ऑइल इंजिन आले. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि 'किर्लोस्कर' हे नाव शेतकऱ्याच्या तोंडी इंजिनाचेच नाव होऊन बसले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, पुढल्या दशकांत तारा खेडोपाडी पोहोचल्या आणि विहिरीवर विजेची मोटर बसली. ती स्वस्तात चालते, धूर करीत नाही, बटण दाबले की पाणी. तरीही आजोबांनी इंजिन विकले नाही. गोणपाट टाकून ते कोपऱ्यात ठेवले होते. "लाइटीचा काय भरवसा?" असे ते म्हणत. भारनियमनाच्या दिवसांत त्या इंजिनाने दोनदा आमचे पीक वाचविले.

हे चित्र मनात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज त्यात आहे. आजोबांचे मोटरशी वैर नव्हते. वीज नसेल त्या रात्री काय करायचे, एवढीच त्यांची चिंता होती.

आता अमेरिकेकडे वळू. १९०० च्या सुमारास तेथे वर्षाला ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६ होत्या. वाचकांना नवल वाटेल, पण त्या काळी पेट्रोलची गाडीच मागे होती! १८९९ साली कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, तीही विजेच्याच गाडीतून. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटा बसला तर मनगट मोडे. शिवाय धूर, वास आणि खडखडाट. विजेची गाडी शांतपणे निघे. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांच्याकडे विजेची गाडी होती. पेट्रोलच्या मोटारी गावोगाव पोहोचविणाऱ्या माणसाच्या घरातली ही गंमत!

मग ती गाडी गेली कुठे? एक कारण किमतीचे. फोर्ड यांनी १९०८ पासून मॉडेल टी काढली आणि भाव उतरवीत नेले. १९१२ साली विजेची एक गाडी १,७५० डॉलरला पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरला मिळे. दुसरे कारण मोठे मजेचे आहे. चार्ल्स केटरिंग यांनी इंजिन सुरू करणारी विजेची छोटी मोटर बनविली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ती बसली. दांडा फिरवायचे संकट टळले. म्हणजे विजेच्या गाडीला मारले ते विजेच्याच मोटरने. घरचा भेदी लंका दहन म्हणतात, ते हेच. तिसरे कारण माझ्या मते सर्वांत वजनदार. शहरे एकमेकांना चांगल्या रस्त्यांनी जोडली गेली, लोक दूर जाऊ लागले, वाटेत पेट्रोल मिळू लागले. पण अमेरिकेतल्या खेड्यांत तेव्हा वीजच नव्हती. १९३५ च्या सुमारास विजेच्या मोटारी जवळजवळ नाहीशा झाल्या.

विजेवर चालणाऱ्या वाहनाला लोक भीत होते, असे मात्र नाही. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत लोकांनी तिच्यातून निर्धास्त प्रवास केला. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली. तिच्यात चढताना 'मध्येच वीज संपली तर?' असे कोणी विचारले नाही, कारण तार डोक्यावर बरोबर येत होती. भीती सुरू होते ती तारेपासून सुटल्यावर, वीज पेटीत भरून आपल्या जबाबदारीवर रस्त्याला लागल्यावर.

आणि पेट्रोल-डिझेलवर आमचा विश्वास कसा बसला? तो मोटार विकणाऱ्याने बसविला नाही. सरकारी बसने बसविला. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. बसच्या मागोमाग डेपो आले, मेस्त्री आले, फाट्यावर पंप आले. गाडी बंद पडली तर हात लावणारा कोणीतरी आहे, एवढे कळल्यावर मग माणसाने स्वतःची गाडी घेतली.

आता आपल्या देशातल्या स्वस्त विजेच्या मोटारीची कथा. २००१ साली बंगळूरमध्ये चेतन मैनी यांनी 'रेवा' बाजारात आणली. दोन दारांची, बाहुलीच्या घरासारखी गाडी. एका भरणीत सुमारे ८० किलोमीटर जाणारी. शहरात फिरायला पुरेशी. पण आपल्या लोकांनी ती घेतली नाही. पुढे तीच गाडी लंडनला 'जी-विझ' नावाने गेली आणि तेथे शेकडोंनी खपली. लंडनकर काही आपल्याहून शहाणे नव्हते. तेथे १७ फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार नेणाराला दिवसाला पाच पौंड भरावे लागत आणि विजेच्या गाडीला ते माफ होते. गाडी तीच, चाके तीच. बदलला तो भोवतालचा हिशेब. जगभर मिळून रेवा साडेचार हजारांच्या घरात विकल्या गेल्या. २०१० साली महिंद्र कंपनीने तो कारखाना ताब्यात घेतला आणि २०१३ साली 'ई-टू-ओ' ही सुधारलेली गाडी काढली. तीही फारशी चालली नाही.

येथे कोणी म्हणेल, आणखी स्वस्त करायला हवी होती. त्याने 'नॅनो' आठवावी. २००९ साली आलेली, एक लाखाच्या बोलीची ती पेट्रोलची मोटार. जगातली सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिचा डंका वाजला आणि तो डंकाच तिला भोवला. ही चूक रतन टाटा यांनीच पुढे मोकळेपणाने बोलून दाखविली. आपल्याकडे मोटार दारात उभी राहते ती चार माणसांनी पाहावी म्हणून. भाजी स्वस्त आणली तर शाबासकी मिळते, पण स्वस्त गाडी आणली तर लोक परिस्थिती विचारतात. नानांच्या सुनेचा विरोध अर्धा याच कारणाचा होता.

वारे फिरले ते अलीकडे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जानेवारी २०२० मध्ये टाटांची विजेवरची 'नेक्सॉन' आली. तिचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'टियागो' ८ लाख ४९ हजारांच्या आरंभीच्या किमतीला जाहीर झाली आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी दहा हजार लोकांनी नावे घातली. बॅटरीला आठ वर्षांची हमी होती. लोकांनी गाडीइतकीच ती हमी विकत घेतली, असे मला वाटते. आणि १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली, तीही पुणे-अहमदनगर याच जुन्या मार्गावर. आजचे ते अहिल्यानगर.

तरी पाय मागे ओढणारी कारणे आहेतच. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. ते चित्र घरोघर पोहोचले. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, ही बातमी मात्र तितक्या घरी पोहोचली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर उतरला आणि त्या आणखी स्वस्त झाल्या. उलट बाजूने, महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना काही महामार्गांवर टोलमाफी दिली. ऑगस्टमध्ये ती अटल सेतूवर लागू झाली. नॉर्वेने हा मार्ग नव्वदीच्या दशकापासूनच धरला होता. करमाफी, टोलमाफी असे करता करता २०२४ साली तेथे विकलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पण अटल सेतू मुंबईला आहे आणि नानांना जायचे आहे नांदेडला!

म्हणून एका रात्री आम्ही दोघे पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. चोवीस युनिट साठविणारी गाडी धरली. कंपनी ३१५ किलोमीटर म्हणाली तरी आम्ही दोनशेच धरले. युनिटला दहा रुपये धरले. नांदेडची एक खेप शंभर-सव्वाशे रुपयांत बसली. म्हणजे जीपच्या मानाने पाचशे वाचले. वर्षाच्या एकशे चार खेपांचे पन्नास हजार. नाना खुलले. मग मी गाडीच्या किमतीला पन्नास हजारांनी भागले. उत्तर आले सोळा-सतरा वर्षे! नानांचा चेहरा उतरला.

त्या पाटीवर मला साऱ्या प्रश्नाची गाठ सापडली. या गाडीत बचत होते ती चालविल्याने, उभी ठेवल्याने नव्हे. जो दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर फिरतो त्याला ती परवडते, पण त्याला एका भरणीत पुरत नाही. जो थोडे फिरतो त्याला पुरते, पण परवडत नाही. २०२४ मध्ये काही गाड्यांची बॅटरी किलोमीटरमागे भाड्याने देण्याची टूम निघाली, ती ही गाठ सोडविण्यासाठीच.

"अन् रात्रभर लाइट गेली तर?" नानांनी शेवटी मनातले विचारले. माझ्या आजोबांचाच प्रश्न! मी म्हटले, "नाना, घागर भरलेली असली तर एका रात्री नळ आला नाही म्हणून कोणी तहानेने मरत नाही. एका भरणीत तुमच्या दोन खेपा होतात. म्हणजे आठवडा निघतो."

नाना काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी नांदेडच्या आपल्या भाच्याची विजेची गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली आणि आईला तीतून नेऊन आणले. परतल्यावर मी ओट्यावर उभा होतो. इतर वेळी म्हातारीला दोघांनी धरून उतरवावे लागे आणि उतरल्यावर पहिली उलटी होई. त्या दिवशी ती नुसत्या काठीवर उतरली.

"कसं वाटलं, आजी?" मी विचारले.

"वासच नव्हता रे बाबा डिझेलचा," ती म्हणाली. "अन् हादरेबी नव्हते. डोळा लागला मला वाटंत."

आम्ही दोघे पाटीकडे पाहत राहिलो होतो. हा आकडा तीवर कुठे मांडलाच नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांत लोकांनी विजेची गाडी पसंत केली, ती नेमकी याच कारणाने: धूर नाही, वास नाही, खडखडाट नाही. तेव्हा ती सोडावी लागली, कारण वाटेत वीज नव्हती. आज आमच्या गावात वीज आहे. विश्वास तेवढा यायचा आहे. तो जाहिरातीने येत नाही. शेजाऱ्याच्या, भाच्याच्या गाडीत बसून, एकदा जाऊन आणि मुख्य म्हणजे सुखरूप परत येऊन तो येतो.

नानांनी गाडीची नोंदणी केली आहे. पाडव्याला ती दारात येईल. सोळा वर्षांचा हिशेब त्यांनी पुसला नाही. पाटी भिंतीवर तशीच टांगली आहे. सुनेनेही आता गाडी लहान असल्याची तक्रार सोडली आहे.

जीप मात्र विकलेली नाही. परवा पाहिले, तिच्यावर गोणपाट टाकून ती गोठ्याच्या कडेला लावली आहे. मी हसलो नाही. मला आजोबांचे इंजिन आठवले.