संपादकाच्या टेबलावरून

चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकाला चरित्र मिळते आणि निर्मात्याला श्रेयनामावलीतली एक ओळ. हयाओ मियाझाकींचा मागोवा घेता घेता मी तोशिओ सुझुकींपाशी थांबलो, कारण हा माणूस मुळात मासिकाचा संपादक.

जन्म १९४८, नागोया. केइओ विद्यापीठातून बाहेर पडून १९७२ मध्ये ते तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेत लागले. १९७८ मध्ये संस्थेने 'ॲनिमेज' मासिक काढले, त्यात सुझुकी सुरुवातीपासून होते. मियाझाकींच्या चित्रपटकल्पना तेव्हा नाकारल्या जात होत्या. त्यांना आधार असलेली छापील चित्रकथा नाही, वाचक आधी पसंतीला उतरलेले नाहीत, मग पैसा कोण लावणार? यावर उपाय अस्सल संपादकी निघाला. छापील मूळ नाही ना, मग आपणच छापू! फेब्रुवारी १९८२ च्या अंकापासून 'नाउसिका' क्रमशः सुरू झाली. १९८४ मध्ये तिचा चित्रपट आला. पुढच्याच वर्षी तोकुमांच्या पैशावर मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि सुझुकी यांचा स्टुडिओ जिबली उभा राहिला. गंमत म्हणजे सहसंस्थापक सुझुकी १९८९ पर्यंत नोकरी करत होते ती प्रकाशनसंस्थेतच.

दोन लहान बहिणी आणि रानातला एक केसाळ जीव, या 'तोतोरो'त कोणाला धंदा दिसेना. ताकाहातांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'ला मात्र नोसाकांच्या गाजलेल्या कथेचा आधार होता. तिची प्रकाशक शिंचोशा चित्रपटामागे उभी राहिली आणि १६ एप्रिल १९८८ रोजी दोन्ही चित्रपट जोडीने लागले. एकात वनदेव, दुसऱ्यात उपासमारीने मरणारी भावंडे! गल्ला बेताचाच जमला.

या युक्तीचे कौतुक करताना मी अडखळतो. छोट्या स्टुडिओत दोन चित्रपट एकाच वेळी, आणि योशिफुमी कोंदो हा चित्रकार दोन्ही दिग्दर्शकांना हवा. तो ताकाहातांकडे गेला. १९९८ मध्ये कोंदो ४७ व्या वर्षी गेले. अतिश्रमाने, असे म्हटले गेले. जिबलीचा वारसा त्यांच्याकडे जाईल अशी अपेक्षा होती.

'स्पिरिटेड अवे'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला जास्त रस आहे २०२३ मध्ये. आयुष्यभर जाहिरातीत मुरलेल्या सुझुकींनी मियाझाकींचा नवा चित्रपट जपानमध्ये एका भित्तिचित्रावर प्रदर्शित केला. झलक नाही, जाहिरात नाही. लोक तरीही आले. त्याच वर्षी, मियाझाकींचे पुत्र गोरो एकट्याने धुरा घ्यायला तयार नसल्याने, जिबली निप्पॉन टेलिव्हिजनची उपकंपनी झाली.